मेरेरिड दुनिया

वेल्समधल्या आमच्या खोऱ्यात आडनावानं माणूस सापडत नाही. अर्धे लोक जोन्स, उरलेले डेव्हिस नाहीतर पग. म्हणून नावापुढं माणसाचं काम जोडतात. टपाल आणतो तो एमलिन पोस्ट, खिडक्या-दारं बसवतो तो विन सुतार, आणि मी ग्लेनिस जेवण, कारण इथल्या नांतगेइर गावच्या शाळेत एकतीस वर्षं मी मुलांचा स्वयंपाक केला. मेरेरिड पगला लोक मेरेरिड दुनिया म्हणायचे. सुरुवातीला टोचून म्हणायचे. नंतर टोचणं गेलं आणि नाव राहिलं.

तिचं काम एका वाक्यात सांगता येत नसे. ती जिल्हा कार्यालयाची फिरती शिक्षिका. बेचाळीस प्राथमिक शाळा तिच्याकडे. मुलांना जग शिकवायचं. म्हणजे देशांच्या राजधान्या नव्हेत. अंगातला सदरा कुणी शिवला, केळं कुठल्या मातीतनं आलं, मोरीतलं पाणी पुढं कुणाच्या दारात जातं, आपण इथं जे करतो त्याचा लांबच्या एखाद्याला त्रास होतो का, हे सगळं. सरकारी कागदावर त्याला जागतिक नागरिकत्व आणि शाश्वत विकास शिक्षण म्हणायचे. दर चार-पाच वर्षांनी कुणीतरी हुशार माणूस ते नाव बदलायचा, नवी माहितीपत्रकं छापली जायची, आणि मेरेरिड आपल्या जुन्या पेट्या घेऊन पुन्हा त्याच बेचाळीस शाळांच्या वाटेला लागायची.

ती इथलीच. खोऱ्याच्या अगदी टोकाला ब्लाइनकुम नावाचं शेत आहे, तिथली. बापाच्या सहाशे मेंढ्या. शिक्षिकेचं शिक्षण संपवून पंचविसाव्या वर्षी ती दोन वर्षं आफ्रिकेत, लेसोथोच्या डोंगरात शिकवायला गेली. परत आली तेव्हा बापानं विचारलं, "एवढ्या लांब जाऊन काय पाहिलंस?"

"मेंढ्या," ती म्हणाली.

म्हातारा आठवडाभर हसत होता. चर्चच्या पायऱ्यांवर भेटेल त्याला सांगायचा, पोरगी जगाच्या पार टोकाला गेली आणि मेंढ्या बघून आली.

चौऱ्याण्णव साली ती पहिल्यांदा आमच्या शाळेत आली. माझं स्वयंपाकघर हॉलला लागून, मध्ये वाढायची खिडकी. त्यामुळं तिचा प्रत्येक तास मी बटाटे सोलता सोलता ऐकलाय. त्या दिवशी तिनं हॉलमध्ये आडवी दोरी बांधली आणि मुलांना म्हणाली, "आपापले स्वेटर काढा, उलटे करा, आणि मागची पट्टी वाचा." चौतीस स्वेटर दोरीवर लटकले. बांगलादेश, चीन, तुर्कस्तान, मॉरिशस. एकही स्वेटर वेल्सचा नव्हता. एक पोरगी म्हणाली, "बाई, पण लोकर तर आमच्याकडंच असते." मेरेरिडला एवढा आनंद झाला की ती खाली गुडघ्यांवर बसली आणि म्हणाली, "हां! आता हे घरी जाऊन विचार." पोरीनं घरी विचारलं. दुसऱ्या दिवशी तिची आई मुख्याध्यापिका नेस्टाबाईंकडे येऊन म्हणाली, की मुलीला बेरीज-वजाबाकी शिकवा, आमच्या लोकरीची चौकशी करायला शिकवू नका.

लेसोथोतल्या एका शाळेशी तिनं आमची पत्रांची ओळख करून दिली. तिथं मालिनेओ नावाची शिक्षिका तिच्या ओळखीची होती. पत्र जायला महिना, यायला दोन महिने. आमच्या पोरांनी लिहिलं, आमच्या बाबांच्या चारशे मेंढ्या आहेत, त्या डोंगरावर असतात. तिकडून उत्तर आलं: तुमच्या मेंढ्या कोण राखतं? आमच्या पोरांनी लिहिलं, कुणी नाही. पुढचं पत्र आलं त्यात एकवीस मुलांनी एकच गोष्ट विचारली होती, की कुणी नाही म्हणजे काय, त्या एकट्या असतात का, त्यांना भीती नाही का वाटत. नेस्टाबाईंनी ते पत्र प्रार्थनेनंतर सगळ्या शाळेला वाचून दाखवलं. त्या संध्याकाळी गावातली तीन-चार पोरं बापाच्या मागं लागून कुरणावर मेंढ्यांजवळ बसायला गेली होती. पाऊस होता, पोरं चिंब भिजून आली. तीही तक्रार शेवटी मेरेरिडच्याच नावावर जमा झाली.

तिनं लग्न केलं नाही. एक होता कुणीतरी, संगीत शिकवणारा. त्याची कार्डिफला बदली झाली, हिनं मागितली नाही. एवढंच तिनं मला सांगितलं, आणि मीही त्याहून जास्त विचारलं नाही.

सुरुवातीला तिच्या कचेरीत चौघं होते. मग तिघं, मग दोघं, आणि दोन हजार सहानंतर ती एकटी. शाळा बेचाळीसच. दिवसाला तीन शाळा, मध्ये अरुंद रस्ते, समोरून दुधाचा टँकर आला की अर्धा मैल उलटी गाडी. दुपारी बाराच्या सुमाराला ती माझ्या स्वयंपाकघरात यायची आणि उभ्यानंच खायची.

"बस की गं," मी म्हणायचे.

"बसले तर उठणार नाही."

एकदा मी कोठारात पीठ आणायला गेले तर ही पोत्यावर बसून, भिंतीला डोकं टेकून झोपलेली. हातात खडू तसाच. पंधरा मिनिटं मी दार लोटून बाहेर उभी राहिले आणि नेस्टाबाईंना खोटं सांगितलं, की मेरेरिडला महत्त्वाचा फोन आलाय.

दोन हजार नऊचा मार्च. मेंढ्या विण्याचे दिवस. अशा दिवसांत आमच्याकडं पुरुषमाणूस शाळेच्या आसपास दिसत नाही, आणि दिसला तर काहीतरी बिनसलेलं असतं. गेथिन, वरच्या अंगाचा एक मेंढ्यावाला, मागच्या दारानं थेट माझ्या स्वयंपाकघरात आला. दाढी वाढलेली, बाह्यांना रक्त वाळलेलं, बुटांवर शेरभर चिखल.

"कुठाय ती दुनिया?"

"हॉलमध्ये. बूट काढ आधी, मी आत्ताच पुसलंय."

त्यानं मुकाट्यानं बूट काढले. एका मोज्यातून अंगठा बाहेर आलेला. तसाच तो हॉलमध्ये गेला आणि पोरांसमोर मेरेरिडला म्हणाला, "बाई, माझी माब्ली काल जेवली नाही. ताटात मटण होतं. म्हणते, डॅड, तू जग खराब करतोयस का? चार दिवस झाले मी पाठ टेकली नाही. काल दोन कोकरांच्या तोंडात फुंकून फुंकून त्यांना श्वास दिला. आणि घरी येऊन हे ऐकायचं?"

आठ वर्षांची माब्ली पुढच्याच रांगेत बसली होती. तिनं मान खाली घातली.

"तिनं नेमकं काय सांगितलं?" मेरेरिडनं विचारलं.

"मेंढी ढेकर देते आणि पृथ्वी तापते."

पोरं फिसकन हसली.

"ते खोटं नाही, गेथिन."

"मग काय करू? ढेकर देऊ नका म्हणून सांगू त्यांना?"

"नाही. पण तेवढंच खरं नाही. कचेरीतून एक कागद आला होता, तो मी तसाच वाचला. तुमच्या मेंढ्या नुसत्या पावसावर वाढलेलं गवत खातात, त्याचं काही सांगितलंच नाही. चूक माझी झाली."

गेथिन भांडायला आला होता. समोरून चूकच कबूल झाली. "हं," म्हणाला, आणि बूट घालून निघून गेला.

शनिवारी मेरेरिड त्याच्या गोठ्यात हजर. तिचे हात लहान आहेत. अडलेल्या मेंढीच्या पोटात हात घालून कोकराचा पाय सरळ करायचं काम तिचा बाप तिच्याकडूनच करून घ्यायचा, आणि ते ती विसरली नव्हती. दिवसभर ती तिथं राबली. माब्ली कठड्यावर बसून बघत होती. काय बोलणं झालं मला ठाऊक नाही. सोमवारी मी कावल हा आमच्याकडचा रस्सा केला होता, कोकराचं मटण, लीकची पात आणि बटाटा घालून. माब्लीनं खिडकीतून ताटली दोनदा पुढं केली.

मेरेरिडनं मग तो तास नव्यानं लिहिला, आमच्या खोऱ्यापुरता. ढेकर ठेवली आणि बाकीचंही घातलं. कचेरीनं कळवलं, की सगळ्या शाळांत ठरलेलाच कागद वापरावा. मग ती दोन्ही वापरायला लागली आणि एका तासाचे दोन तास झाले. हे असं तिचं नेहमीचंच. कुणी एक ओझं चुकीचं दिलं, तर ते टाकून न देता ती शेजारी बरोबरचंही उचलायची.

झाडांचं सुरू झालं ते दोन हजार अठराच्या सुमाराला. वरच्या अंगाला एक म्हातारं जोडपं वारलं, त्यांची मुलं ऑस्ट्रेलियात. शेत विकत घ्यायला स्वच्छ जाकीट घातलेला एक माणूस आला. त्याची कंपनी लंडनची. मेंढ्या नकोत, घर नको, नुसती जमीन हवी. तिच्यावर झाडं लावायची, आणि त्या झाडांनी किती धूर शोषला त्याचे कागद करून विमानवाल्यांना आणि आणखी कुणाकुणाला विकायचे. वर्षभरात तो सगळा उतार काळपट हिरव्या रोपांच्या रांगांनी भरला. मग त्याच्या शेजारचं शेत गेलं. मग गेथिनचं. त्याची जमीन खंडाची होती, मालकानं विकली, त्याला विचारलंसुद्धा नाही. माब्ली तेव्हा कार्डिफला शिकत होती. गेथिन बायको आणि धाकट्या दोघांना घेऊन सीमेपलीकडं, इंग्लंडात, दुसऱ्याच्या शेतावर नोकरीला गेला. शाळेतली दोन मुलं एका दिवसात कमी झाली.

मेरेरिडचा थोरला भाऊ इडवल ब्लाइनकुमला एकटा राहायचा. बायको गेलेली, मूल नाही. रविवारी मी त्याला रस्सा घेऊन जायचे, म्हणून पुढचं माझ्या कानांनी ऐकलंय. मेरेरिड भांडी घासत होती. इडवल टेबलाशी बसून, खिडकीकडं तोंड करून म्हणाला, "विकतोय."

"काय?"

"सगळं. झाडवाल्यांना."

तिनं नळ बंद केला. "इडवल, त्यांना नको देऊस. दुसरं कुणी बघू."

"कोण दुसरं? दोन वर्षं बघतोय. आणि तू मला सांगतेस? पंचवीस वर्षं पोरांना झाडं लावा, झाडं लावा म्हणून सांगत आलीस. दर वसंतात माझ्या बांधावर पोरांची रांग आणून रोपं लावलीस. मी बोललो कधी? आता कुणी दोन लाख झाडं लावतोय, तर तुला रडू येतंय."

"ती वेगळी, इडवल. ही झाडं कुणीतरी खुशाल विमानानं हिंडावं आणि मनाला लावून घेऊ नये म्हणून लावलीत."

"झाडाला ठाऊक असतं का ते?"

इडवलनं पँटचा पाय वर ओढला. गुडघा भोपळ्याएवढा सुजला होता. "हा बघ. वरच्या कुरणापर्यंत गेलो तर उतरता येत नाही. परवा गुडघ्यांवर सरकत आलो खाली, लहान पोरासारखा. तू येतेस राखायला? ये. उद्यापासून ये, मी नाही विकत."

मी मेरेरिडकडं बघत होते. तिनं ते खरंच मनात तोलून पाहिलं. बासष्ट वर्षांची बाई, सहाशे मेंढ्या, वर जाणारी ती वाट. मग म्हणाली, "नाही. मला नाही झेपायचं."

"मग झालं तर," इडवल म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता.

तिनं भांडी घासून संपवली. मग फडताळातली धुतलेली भांडीही काढली आणि तीही घासली.

शाळेत तोवर नऊ मुलं उरली होती. जिल्हा कार्यालयाचं पत्र आलं, की नांतगेइरची शाळा चालू ठेवायची की नाही याचा विचार सुरू आहे, लोकांनी मतं कळवावीत. अशा पत्राचा अर्थ आम्हाला समजतो. वाईट पुढं झालं. त्या विचाराचा जो अहवाल होणार होता, त्यात एक कलम पर्यावरणाचं होतं: शाळा चालू ठेवली तर किती इंधन जळेल, बंद केली तर किती. अर्धं पान. ते लिहायचं काम त्या विषयाच्या माणसाचं, आणि सगळ्या जिल्ह्यात त्या विषयाचं माणूस एकच.

"नाही म्हण," मी तिला सांगितलं.

"नाही म्हटलं तर दुसऱ्या कुणाकडून लिहून घेतील. त्याला इथला बॉयलरसुद्धा माहीत नसेल."

"मग जरा आपल्या बाजूनं लिही."

तिनं माझ्याकडं बघितलं. मी पुन्हा तसं म्हणाले नाही.

दोन आठवडे ती मोजत होती. बॉयलरला किती तेल लागतं, खिडक्यांतून किती ऊब निसटते, माझी शेगडी किती वेळ जळते, मी स्वतः घरून सहा मैल गाडीनं येते ते. मग उलट बाजू: नऊ मुलांना चौदा मैलांवरच्या लानवाउरच्या मोठ्या शाळेत नेणारी बस, जायची एकदा, यायची एकदा, मधली रिकामी फेरी. बसचंच इंधन जास्त भरेल आणि शाळा वाचेल अशी तिला आशा होती. तसं ती बोलली नाही, पण बसचा आकडा मांडताना पेन्सिल जपून धरत होती. शुक्रवारी दुपारी ती माझ्याकडं आली आणि पहिल्यांदाच खुर्ची ओढून बसली.

"आला आकडा?"

"आला."

"आपल्या बाजूनं?"

तिनं नकारार्थी मान हलवली.

"परत कर."

"तीनदा केला, ग्लेनिस."

मी तिला चहा दिला. तो तिनं प्यायला नाही. तिनं अर्धं पान लिहिलं, आणि त्यासोबत कुणी न मागितलेली आणखी चार पानं. आकड्यात काय येत नाही ते त्यात होतं. गुरुवारी म्हातारी माणसं मुलांबरोबर जेवायला येतात ते. मुलं आपसात वेल्श बोलतात ते. शाळा गेली की कुठलं तरुण जोडपं इथं घर करणार नाही, आणि मग डोंगराकडं बघायला माणूसच उरणार नाही, ते. दोन्ही कागद तिनं पाठवले. अर्धं पान अहवालात एकतिसाव्या पानावर आलं. चार पानांबद्दल एक ओळ होती: पोच मिळाली.

सभा शाळेच्या हॉलमध्ये झाली. एप्रिल महिना, संध्याकाळचे सहा. साठेक माणसं मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर गुडघे हनुवटीला लावून बसलेली. कार्यालयाच्या साहेबानं अहवाल वाचला. इमारतीचा खर्च, पट, प्रवास. पर्यावरणाचं अर्धं पान आलं तसा विन सुतार उठला.

"हे आकडे कुणी काढले? लंडनहून मागवले काय?"

साहेबानं कागद चाळले. मेरेरिड शेवटच्या रांगेत माझ्या शेजारी होती. तिला गप्प बसता आलं असतं. नाव कुठंच छापलेलं नव्हतं.

"मी काढले," ती उभी राहून म्हणाली.

साठ माणसं वळली. कुणीतरी बाई म्हणाली, "मेरेरिड? तू?"

"हो. आणि ते बरोबर आहेत. मी तीनदा तपासले. आपल्याला आवडत नाही म्हणून आकडा बदलायचा नाही, असं मी याच हॉलमध्ये तुमच्या मुलांना शिकवलं. तुमच्यातल्या काहींनाही शिकवलं." ती थांबली. तिला धाप लागली होती. "पण शाळा बंद करणं चूक आहे. आकडा बरोबर आहे आणि बंद करणं चूक आहे. ही दोन्ही वाक्यं एकत्र कशी सांगायची ते मला जमत नाहीये. एवढी वर्षं झाली तरी जमत नाहीये."

ती बसली. साहेबानं लगेच पुढचं पान उलटलं.

बाहेर पडताना विन सुतारानं तिच्याकडं पाठ केली. एमलिन पोस्ट बरेच दिवस तिची पत्रं दारात टाकायचा आणि घंटा वाजवायचा नाही. दुकानात ती आली की बोलणं थांबायचं. मेरेरिड दुनिया हे नाव लोक पुन्हा पहिल्यासारखं, टोचून घ्यायला लागले. मला वाईट वाटायचं, आणि खरं सांगायचं तर मलाही तिचा राग होता. तिच्यामुळं शाळा गेली असं नाही; ती जाणारच होती. पण आपल्यातल्याच माणसानं ते लिहून द्यावं, हे घशाखाली उतरत नव्हतं. माझीही नोकरी त्यातच गेली. दोन महिने मी तिच्याकडं गेले नाही. मग एका सकाळी कळलं की ती फुप्फुसाच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळलीय आणि इडवल काठी टेकत तिच्यासाठी पाव आणायला उतरतोय. इडवल तोवर शेत विकून गावात, तिच्या मागच्याच गल्लीत राहायला आला होता. मग मी रस्सा केला आणि गेले. दोघी जेवलो. त्या विषयावर बोललो नाही.

जुलैमध्ये शाळा बंद झाली. त्याच शरदात मेरेरिड निवृत्त झाली. तिची जागा भरणार नाही, असं कार्यालयानं आधीच कळवलं होतं. निरोप संगणकाच्या पडद्यावर झाला. अकरा माणसं, त्यांतल्या सात जणांना तिनं कधी पाहिलेलं नव्हतं. कुणीतरी तिचं नाव चुकीचं उच्चारलं. तिच्या पेट्या कुठलीच शाळा घेईना, म्हणून त्या तिच्या बैठकीच्या खोलीत एकावर एक रचून ठेवल्या. वर टीव्ही ठेवला.

लोकांचा राग हळूहळू निवळला. कसा ते नेमकं सांगता येणार नाही. विन सुतारानं एका हिवाळ्यात तिची वाऱ्यानं मोडलेली खिडकी बसवून दिली. त्यानं सॉरी म्हटलं नाही, तिनंही काही विचारलं नाही. शाळेची इमारत आता कुणा इंग्रजानं सुट्टीचं घर म्हणून घेतलीय. माझ्या स्वयंपाकघरात त्यांनी न्हाणीघर केलंय म्हणे.

गेल्या मेमध्ये लानवाउरच्या शाळेतल्या एका नव्या शिक्षिकेनं तिला फोन केला. ही मुलगी दुसऱ्या जिल्ह्यातली, मेरेरिडचं नाव तिला कुठल्यातरी जुन्या कपाटातल्या फायलीवर सापडलं होतं. तिसरीच्या वर्गाला हवामानावर शिकवायचंय, तासभर याल का?

"नाही म्हटलं मी," मेरेरिडनं मला सांगितलं.

"बरं केलंस."

"मग परत फोन करून हो म्हटलं. तू नेशील का? मला आता एवढं चालवणं होत नाही."

मी नेलं. तीस मुलांचा वर्ग. आमच्या नऊंतल्या दोघी तिथं होत्या, सगळ्यांत लहान होत्या त्या. आता माझ्या खांद्याला लागतात. मेरेरिडनं सोबत काही आणलं नव्हतं. जिने चढूनच तिचा श्वास फुलला होता. खुर्चीत बसून ती म्हणाली, "मी थकलेय, त्यामुळं आज काम तुम्ही करा. खिडकीतून बघा आणि काय दिसतं ते मला सांगा." मुलांनी सांगितलं. गाड्यांचा तळ. बाजाराचं छप्पर. ट्रॅक्टर. मागं डोंगर, त्यावर झाडं. "कुणी लावली?" तिनं विचारलं. आपोआप आली, एक मुलगा म्हणाला. आमच्यातली एकजण वळून म्हणाली, "आपोआप नाही रे येड्या, रांगेत आहेत बघ." मग वर्गात बराच वेळ भांडण झालं, झाडं चांगली की वाईट. मेरेरिडनं ते होऊ दिलं. कुणाची बाजू घेतली नाही, फक्त कुणी ओरडलं की म्हणायची, "ऐकू येतंय मला, म्हातारी आहे पण बहिरी नाही."

शेवटी चष्मेवाल्या एका मुलीनं हात वर केला. "बाई, पुढं सगळं वाईटच होणार आहे का?"

ती शिक्षिका पुढं सरकली, काहीतरी गोड बोलून विषय संपवायला. मेरेरिडनं तिला हातानं थांबवलं.

"थोडं होईल," ती म्हणाली. "थोडं तुम्ही सावराल. किती ते मला ठाऊक नाही. मी अठ्ठावीस वर्षं हेच काम केलं, आणि त्याचा किती उपयोग झाला तेही मला ठाऊक नाही."

"मग आज कशाला आलात?"

"बोलावलं म्हणून."

मुलं हसली. ती मुलगी हसली नाही. तिनं वहीत काहीतरी लिहून घेतलं.

गाडीत बसल्यावर मेरेरिडनं पट्टा लावायला दोन वेळा प्रयत्न केला, मग मीच लावून दिला.

"ती शिक्षिका म्हणाली, पुढच्या गुरुवारी परत या."

"मग काय म्हणालीस?"

"बघते म्हटलं." ती डोळे मिटून बोलत होती. "गुरुवारी तुला वेळ आहे का?"

"आहे."

चर्चच्या वळणाशी येईतो तिला गाढ झोप लागली होती. पुढं गवताचे गठ्ठे लादलेला ट्रॅक्टर होता, माणसाच्या चालीनं चाललेला. पुलाजवळ रस्ता रुंद झाल्यावर त्यानं बाजू दिली आणि पुढं हो म्हणून हात केला. मी काच खाली करून त्याला, असू दे, असं खुणावलं आणि घरापर्यंत त्याच्या मागंमागं हळू गाडी चालवत राहिले.